नवअभिजात शैलीतले जलरंगचित्र: रोमन देऊळ आणि त्यासमोरचा बाजार, कोऱ्या कागदापासून चौकटीपर्यंत

ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये सुरू झाले, पॉम्पेईचे १७४८ मध्ये. त्यानंतरच्या काळात युरोपातले वास्तुविशारद आणि चित्रकार मोजपट्ट्या घेऊन जुन्या अवशेषांकडे निघाले. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट १७५१ मध्ये अथेन्सला पोचले. शार्ल-लुई क्लेरिसो १७५७ मध्ये रॉबर्ट ॲडमबरोबर स्प्लिटला गेला आणि रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची मोजमापे घेऊन आला. विल्यम पार्सने १७६४ नंतर आशिया मायनरमधली देवळे आणि नाट्यगृहे जलरंगात उतरवली. या मंडळींच्या नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेल्या, चित्रांत खांब, तुळया, पायऱ्या काटेकोर मापात असतात आणि त्यांच्यापुढे माणसे आपापली कामे करत असतात: कोणी बसलेले, कोणी ओझे वाहणारे, कोणी गुरे हाकणारे.

हे चित्र पहिल्यांदा करायला घेणारा बहुतेक वेळा रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. या शैलीत माप आधी येते, सावली त्यानंतर, रंग सगळ्यात शेवटी. माणसे ही नुसती सजावट नसतात, इमारतीची उंची त्यांच्यावरून कळते. अठराव्या शतकातला इटालियन मुद्राचित्रकार पिरानेसी याने माणसे मुद्दाम बारकी करून रोमच्या इमारती अवाढव्य दाखवल्या. त्याच्या ताम्रमुद्रणात ते शोभते, पण शिकणाऱ्याने तो मोह टाळावा. माणूस खरा तर देऊळ खरे, हे एकदा हाताला कळले की पुढचे काम सोपे होते.

खालची सगळी मापे एका विशिष्ट चित्रासाठी दिली आहेत. विषय आहे रोममधल्या फोरम बोआरियमचा, म्हणजे टायबरकाठच्या गुरांच्या बाजाराचा. तिथे बंदराचा देव पोर्टुनस याचे देऊळ आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातले हे देऊळ पुढे ८७२ मध्ये चर्च झाले, म्हणून आजवर उभे राहिले. समोर चार आयोनिक (म्हणजे शीर्षावर दोन गुंडाळ्या असलेले) खांब, बाजूला सात, पायऱ्या फक्त पुढून. नवशिक्यासाठी याहून चांगला नमुना नाही, कारण खांब थोडे आहेत आणि समोरच बंदर आणि बाजार असल्यामुळे माणसांना चित्रात यायला कारण आहे.

लागणारे सामान

- १०० टक्के कापसाचा जलरंगाचा कागद, ३०० जीएसएम, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. ५६ × ७६ सेंमीचा पूर्ण ताव मधोमध कापून ३८ × ५६ सेंमीचा अर्धा घ्या. खडबडीत कागदावर पेनाची बारीक रेघ तुटते.
- १२ मिमी जाडीचा प्लायवूड, ४५ × ६० सेंमी, आणि पाण्याने चिकटणारी तपकिरी गमटेप, ५ सेंमी रुंद.
- टी-स्क्वेअर, ४५ आणि ६० अंशांचे सेट-स्क्वेअर, कंपास, अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी.
- एच आणि २एच पेन्सिल, मऊ मळण्याचे रबर, ट्रेसिंग पेपर.
- रूलिंग पेन किंवा ०.१ आणि ०.२ मिमीची जलरोधक पिगमेंट पेने, तपकिरी रंगात.
- चिनी शाईची कांडी आणि ती उगाळायला दगड. बाटलीतली काळी शाई जड पाण्यात पातळ केली की बऱ्याचदा तिचे कण धरतात आणि वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, ठिपके येतात. बाटलीच वापरायची असेल तर पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर घ्या.
- रंग: यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, प्रशियन ब्लू, मॅडर किंवा ॲलिझरिन जातीचा किरमिजी, आणि पिवळा गॅम्बोज. एवढे सात पुरतात.
- गोल ब्रश क्रमांक ३, ६ आणि १०, आकाशासाठी २५ मिमीचा चपटा मऊ ब्रश, आणि पाच-सहा पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या.

कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकाअखेर आले आणि चायनीज व्हाइट १८३४ मध्ये. त्याआधीच्या चित्रांसारखा रंग हवा असेल तर दोन्ही बाजूला ठेवा. पांढरा भाग म्हणजे कोरा कागदच राहू द्या.

१. काळ ठरवा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा

आपला काळ इसवी सनपूर्व पहिले शतक. मग मागे कोलोसियम नको, ते इसवी सन ८० मध्ये उघडले. शेजारचे हर्क्युलीसचे गोल देऊळ चालेल, ते त्याआधीचे आहे. एमिलियस पुलाच्या दगडी कमानीही चालतील. टोपल्यांत टोमॅटो, मका, मिरची, बटाटे काढू नका, ही सगळी अमेरिकेतून आलेली. ऑलिव्ह, अंजीर, द्राक्षे, कोबी, कांदा, लसूण घ्या. पाव गोल, वरून आठ भागांत चिरा दिलेला, पॉम्पेईत सापडलेल्या जळक्या पावांसारखा. घोडेस्वार दाखवला तर रिकीब काढू नका, रोमनांकडे ती नव्हती. त्या काळचे पुरुष बहुतेक दाढी केलेले. रोममध्ये इसवी सनपूर्व ४५ च्या सुमाराच्या कायद्याने दिवसाचे पहिले दहा तास मालवाहू गाड्यांना बंदी होती, देवळे आणि सार्वजनिक बांधकामाचा माल वाहणाऱ्यांना मात्र सूट. त्यामुळे त्या कायद्यानंतरच्या काळातला भरदुपारचा बाजार रंगवणार असाल तर गाडीवर बांधकामाचे दगडच ठेवा, नाहीतर गाडी गाळून हमाल वाढवा.

२. कागद ताणून घ्या

कागद थंड पाण्याच्या टबात चार-पाच मिनिटे बुडवा, कोपऱ्याने उचलून पाणी निथळू द्या, बोर्डावर आडवा पसरा. गमटेप ओल्या स्पंजाने एकदाच पुसून चारी कडांवर लावा, दीड सेंमी कागदावर आणि उरलेली बोर्डावर. बोर्ड आडवाच वाळू द्या. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला साचून टेप सुटते. पंख्याखाली ठेवला तर एक बाजू आधी आवळते आणि कागद तिरका ताणला जातो. मास्किंग टेप इथे उपयोगाची नाही, ओल्या कागदाची ओढ तिला पेलत नाही.

३. चित्रक्षेत्र आणि दोन आडव्या रेघा

कागदाच्या मध्यभागी ३३ सेंमी रुंद आणि २३ सेंमी उंच आयत आखा. उरलेली मोकळी जागा शेवटी चौकट आखायला लागणार आहे.

खालच्या कडेपासून ४ सेंमीवर एक आडवी रेघ: हा देवळाचा पायथा. ६ सेंमीवर दुसरी: ही क्षितिजरेषा. दोन्हींमधले २ सेंमी म्हणजे देवळाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाची उंची. डाव्या कडेपासून २५ सेंमीवर क्षितिजरेषेवर टिंब द्या. बाजूच्या भिंतीच्या सगळ्या आडव्या रेघा याच लोपबिंदूकडे जातील.

४. दर्शनी बाजू: साडेअकरा भागांचा हिशेब

रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने ज्या खांबरचनेला सर्वांत सुबक म्हटले, तिचा नियम असा: चार खांबांच्या दर्शनी बाजूचे साडेअकरा समान भाग करा. एक भाग म्हणजे खांबाची तळची जाडी. मधले अंतर तीन भाग, बाजूची दोन अंतरे सव्वादोन-सव्वादोन भाग. चार खांब, तीन आणि साडेचार मिळून बरोबर साडेअकरा. खांबाची उंची साडेनऊ भाग. प्रत्यक्ष पोर्टुनसच्या देवळाची मापे मिलिमीटरपर्यंत हीच असतील असे नाही, पण या नियमाने काढलेले देऊळ प्रमाणात कधी चुकत नाही.

आपण एक भाग एक सेंमीचा धरू. तोच सुमारे ८५ सेंमी वास्तवाचा मानला तर दोन भागांचा माणूस १७० सेंमीचा होतो आणि खांब आठ मीटरांचा.

पहिल्या खांबाची बाहेरची कड चित्राच्या डाव्या कडेपासून ४ सेंमीवर ठेवा. तिथून शून्य धरून मोजलेल्या खांबांच्या जागा: ० ते १, ३.२५ ते ४.२५, ७.२५ ते ८.२५, १०.५ ते ११.५ सेंमी. प्रत्येक खांबाची मध्यरेषा आधी काढा, मग कडा. उलट केले की चूक दुप्पट होते.

उभी मापे पायथ्यापासून:

- जोते ३ सेंमी उंच, खांबांच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंमी बाहेर.
- खांब ९.५ सेंमी. त्यात तळखडा ०.५ आणि वरचे शीर्ष साधारण तेवढेच.
- वरची आडवी पट्टी १.९ सेंमी: तुळई ०.६, मधली सपाट पट्टी ०.५, बाहेर आलेली कंगोऱ्यांची पट्टी ०.८. ही शेवटची पट्टी जितकी उंच तितकीच पुढे आलेली.
- त्रिकोणी शीर्ष. विट्रुव्हियसप्रमाणे आतल्या त्रिकोणाची उंची कंगोऱ्यांच्या रुंदीच्या नवव्या भागाइतकी. रोमन देवळांचा उतार बहुधा याहून चढा असतो, म्हणून सहावा भाग घ्या: कंगोऱ्यांची रुंदी १३ सेंमी, त्रिकोण २.२ सेंमी. वरून तिरक्या कंगोऱ्यांसाठी अर्धा सेंमी.

शिखर पायथ्यापासून सुमारे १७ सेंमीवर पोचते आणि वर जवळपास २ सेंमी आकाश उरते. एवढे पुरेसे आहे, कारण उजवीकडे आकाश मोकळेच आहे. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक या त्रिकोणात होते. बंगल्याच्या छपरासारखा उभा त्रिकोण काढला की खालचे सगळे अचूक काम वाया जाते.

५. बाजूची भिंत आणि पायऱ्या

नजर देवळापासून ४० भागांवर आहे असे धरले तर मागे जाणाऱ्या प्रत्येक खांबाची जागा गणिताने निघते: दर्शनी कोपऱ्याचे लोपबिंदूपासूनचे अंतर (९.५ सेंमी) गुणिले ४०, भागिले (४० अधिक खोली). बाजूच्या सात खांबांच्या मध्यांची लोपबिंदूपासून आडवी अंतरे अशी येतात: ९.४, ८.७, ८.१, ७.६, ७.१, ६.७ आणि ६.३ सेंमी. खांबांमधली फट मागे जाताना सात मिलिमीटरवरून चारच्या खाली येते. अंदाजाने काढणारे बहुतेक ती सारखी ठेवतात आणि देऊळ पत्र्याचे वाटू लागते. पहिले दोन खांब मोकळे, पुढचे पाच गाभाऱ्याच्या भिंतीत अर्धे गाडलेले. त्यामुळे पुढची ओसरी तीन बाजूंनी उघडी राहते, आणि हे सावलीच्या वेळी फार महत्त्वाचे आहे.

पायऱ्या ११ काढा. विट्रुव्हियस विषम संख्या सांगतो, म्हणजे उजव्या पायाने चढायला लागलेला माणूस वरही उजव्याच पायाने पोचतो. प्रत्येक पायरी कागदावर २.७ मिमी. पायऱ्या आपल्याकडे येतात म्हणून सर्वांत खालची पायथ्याच्या रेघेच्याही ३ मिमी खाली बसते. खालच्या सात पायऱ्यांचे पृष्ठ दिसेल, वरच्या चार नजरेच्या वर आहेत, त्यांच्या फक्त उभ्या कडा दिसतील. याच कारणाने जोत्यावरची फरशीही दिसत नाही. देवळाचे छप्परही दिसत नाही. इतक्या खालून, इतक्या जवळून कौले दिसणे शक्यच नाही, तरी ती काढायचा मोह पुष्कळांना होतो. कौले दाखवायचीच असतील तर उजवीकडच्या दूरच्या बुटक्या गोदामांवर काढा: सपाट कौल आणि सांध्यावर पन्हळी कौल.

६. खांबाचा तपशील

खांब तळाशी १० मिमी, वर ८.५ मिमी. खालचा तिसरा हिस्सा सरळ ठेवा, मग अगदी हळू आत घ्या. सरळ पट्टीने तळापासून वरपर्यंत निमुळता केलेला खांब मधे दबल्यासारखा दिसतो.

आयोनिक खांबाला २४ उभ्या पन्हळ्या असतात, समोरून १२ दिसतात. खांबाखाली अर्धवर्तुळ काढा, त्याचे १२ समान भाग करा आणि ते वर उचला. कडेकडे पन्हळ्या आपोआप दाटतील. या पन्हळ्या पेन्सिलीतच ठेवा. एक सेंमीत इतक्या रेघा शाईने मारल्या की खांब काळा पडतो.

शीर्षाच्या दोन गुंडाळ्यांमधले डोळे १० मिमी अंतरावर, एकूण रुंदी १४ मिमी. प्रत्येक गुंडाळीला दीड वेढा पुरे. कोपऱ्यावरच्या शीर्षाची बाहेरची गुंडाळी ४५ अंशांत वळलेली असते, म्हणजे ती पुढून आणि बाजूनेही दिसते. ती थोडी अरुंद काढा.

७. माणसे, माल, गुरे

नियम एकच: सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे डोके क्षितिजरेषेला लागते. त्याचे पाय क्षितिजाच्या जितके खाली, तितकी त्याची उंची. पाय चित्राच्या खालच्या कडेपासून २ सेंमीवर असतील तर माणूस ४ सेंमीचा. १.५ सेंमीपेक्षा खाली कोणाचे पाय नेऊ नका, नाहीतर तो देवळाशी स्पर्धा करू लागतो. पायरीवर उभा असलेला माणूस जितक्या पायऱ्या वर, तितक्या २.७ मिमींनी वर उचला. अर्थात बायका थोड्या बुटक्या, मुले निम्मी.

दहा-बारा माणसे पुरतात, तीन गटांत आणि असमान विभागणीत: पाच, तीन, दोन, आणि एखादा एकटा. नवअभिजात चित्रकार माणसांची मांडणी रोमन शिल्पपट्टांवरून उचलत. माणसे बाजूने दिसतात, एका पट्टीत सरकतात, हातवारे संयमी. धावपळ, आरडाओरड, वाऱ्यावर उडणारी वस्त्रे या चित्रात परकी वाटतात.

काय करताना दाखवाल? नदीकडून दोन हमाल खांद्यावरच्या दांड्याला अँफोरा (दोन कानांचा मातीचा उंच घडा) टांगून आणत आहेत. त्या काळचा दारूचा अँफोरा एक मीटरहून थोडा उंच, लांब मानेचा, टोकदार बुडाचा. तो जमिनीवर स्वतः उभा राहत नाही, म्हणून भिंतीला टेकवा किंवा वाळूत रोवा. गुराखी दोन बैल घेऊन. एक बाई टोपली पुढ्यात घेऊन खालच्या पायरीवर. वेदी देवळाबाहेर, पायऱ्यांसमोर काढा, कारण बळी आणि नैवेद्य तिथेच होत. आत, गाभाऱ्यात, लोकांची गर्दी नसे.

कपड्यांत सगळ्यांना टोगा नेसवण्याची चूक सर्रास दिसते. टोगा नागरिकाचे औपचारिक वस्त्र होते, ओझे वाहताना कोणी ते नेसत नसे. हमाल, गुराखी, दुकानदार गुडघ्यापर्यंतच्या न रंगवलेल्या लोकरी अंगरख्यात, कमरेला पट्टा. टोगा एकाच माणसाला द्या, वेदीजवळच्या. विवाहित बाईला पायघोळ वस्त्र आणि डोक्यावरून ओढलेले उपरणे.

प्रत्येक आकृती आधी ट्रेसिंग पेपरवर काढा, डोके उंचीच्या साडेसाताव्या भागाइतके. मग ट्रेसिंगच्या मागे पेन्सिलीचे शिसे घासून ती कागदावर उतरवा. कार्बन पेपर वापरू नका, त्याचा मेणचट अंश राहतो आणि वॉश तिथे धरत नाही. थेट कागदावर काढून पुन्हा पुन्हा खोडले की वरचे सरेस निघते आणि रंग भरल्यावर त्या जागी काळपट डाग उमटतो. तो नंतर कशानेही जात नाही.

८. शाईची रेघ

तपकिरी शाई पातळ करून घ्या. पुढच्या वस्तूंना ०.२, देवळाला आणि दूरच्या गोष्टींना ०.१. उजेडाकडची कड हलकी किंवा तुटक, सावलीकडची सलग. पट्टीने मारलेली रेघ कोपऱ्यात किंचित ओलांडली तरी चालते, अपुरी राहिली तर नाही. क्षितिजावरच्या टेकडीला शाई लावूच नका. दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या, मग मळलेल्या रबराने टिपून पेन्सिल कमी करा.

९. करडी सावली: चित्राचा कणा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. अठराव्या शतकातले हे चित्रकार आधी करड्यात सगळी सावली बसवत आणि मग वरून पारदर्शक रंग चढवत. सावली बरोबर असेल तर रंग अगदी फिका ठेवता येतो.

शाई उगाळून तीन वाट्यांत तीन छटा करा: फिकी, मध्यम, गडद. प्रत्येक छटा रद्दी कागदाच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळल्यावर पाहा, ओली असताना ती बरीच गडद भासते. गडद छटाही वर्तमानपत्रातल्या मजकुराच्या करड्यापेक्षा काळी नको.

उजेड वरून डावीकडून, ४५ अंशांत, हा वास्तुचित्रांचा जुना संकेत. प्रत्यक्ष सूर्य कुठे आहे याची फिकीर नको. या संकेताचा फायदा असा की जी वस्तू जितकी पुढे आलेली, तितकीच तिची सावली खाली पडते. कंगोरे ०.८ सेंमी पुढे, म्हणून सावली ०.८ सेंमी खाली: मधली पट्टी झाकून तुळईच्या निम्म्यावर.

क्रम असा ठेवा. पहिला, फिक्या छटेने उजवीकडची पूर्ण बाजू, खांबांसकट, एकाच वॉशने झाका. दुसरा, वाळल्यावर मध्यम छटेने पडलेल्या सावल्या: कंगोऱ्याखालची पट्टी, खांबांचा उजवा तिसरा भाग, पायऱ्यांच्या कठड्याची सावली, माणसांच्या जमिनीवरच्या सावल्या. तिसरा, ओसरीच्या आतली भिंत. ओसरी डावीकडूनही उघडी असल्यामुळे या भिंतीवर सावलीची कड डाव्या वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत उतरते आणि मग क्षितिजरेषेपासून सुमारे ३.४ सेंमीवर आडवी होते. खाली उजेडाची पट्टी राहते. बहुतेक नवशिके ओसरी पूर्ण काळी करतात आणि देवळाची खोलीच निघून जाते. चौथा, गडद छटा फक्त दरवाज्याच्या फटीत, कंगोऱ्यांच्या बारीक खाचांत आणि सर्वांत पुढच्या अँफोरांच्या तळाशी.

पडलेली सावली बाजूच्या सावलीपेक्षा नेहमी थोडी गडद आणि तिची कड धारदार. बाजूची सावली मात्र जमिनीजवळ जरा उजळ करा, समोरच्या जमिनीवरून उसळलेला उजेड तिथे पोचतो. त्यासाठी वॉश खाली येताना ब्रशात साधे पाणी घ्या.

१०. रंगाचे वॉश

बोर्डाखाली वरच्या बाजूला पुस्तक ठेवून १० ते १५ अंशांचा उतार द्या. प्रत्येक वॉश लागेल त्याच्या दुप्पट बनवा. मध्येच संपला की दुसऱ्या वाटीतला रंग तंतोतंत जुळत नाही.

प्रथम सगळ्या चित्रावर, आकाशासकट, यलो ऑकरचा जेमतेम दिसेल असा वॉश. त्याने करड्याला ऊब येते आणि सगळे एका उजेडात बसते. पूर्ण वाळू द्या. बोटाची मागची बाजू लावून पाहा, गार लागले तर कागद अजून ओला आहे.

आकाश: देवळाच्या कडेपर्यंतचा भाग स्वच्छ पाण्याने ओलावा, वरून प्रशियन ब्लू अतिशय पातळ, त्यात लाइट रेडचा स्पर्श. खाली येताना पाणी वाढवा. प्रशियन ब्लू डाग धरतो, पुसता येत नाही, म्हणून दोन फिके थर एका गडद थरापेक्षा सुरक्षित. त्रिकोणी शीर्षाच्या तिरक्या कडेशी ब्रश क्रमांक ६ ने आधी कड बांधा, मग चपट्याने मोकळे व्हा. ही कड वळवळली तर पूर्ण चित्र ढिले पडते.

देऊळ: हे टफ आणि ट्रॅव्हर्टाइन दगडाचे, पण वरून पांढऱ्या गिलाव्याचे होते. त्याला उघडा तपकिरी दगड रंगवू नका. उजेडातल्या भागांवर रॉ सिएनाचा अतिशय फिका वॉश, मधेमधे कोरा कागद. सावलीच्या बाजूवर प्रशियन ब्लू आणि किरमिजीचा थेंब मिसळलेला थंड थर. जमिनीजवळ बर्न्ट सिएना.

जमीन: यलो ऑकर आणि लाइट रेड, पुढे गडद, मागे फिकी. उजवीकडे नदीपलीकडची जानिक्युलम टेकडी निळसर करड्यात एकाच वॉशने, छत्रीसारख्या पाइनच्या दोन-तीन आकृत्यांसह. झाडांसाठी गॅम्बोज आणि प्रशियन ब्लूचे हिरवे, त्यात बर्न्ट सिएना. तयार ट्यूबमधले हिरवे इथे ओरडते.

माणसांचे रंग शेवटी. बहुतेक अंगरखे जवळजवळ कागदाच्याच रंगाचे, घड्यांत करडे. दोघा-तिघांनाच लाइट रेड, मातकट पिवळा, मंद निळा. लाल सर्वांत जवळच्या गटात एकदाच येऊ द्या.

११. शेवटचे हात आणि चौकट

चित्र दोन मीटर दूर ठेवून पाहा. आधी नजर देवळाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे जाते का? जात नसेल तर ओसरीतला दरवाजा एका थराने गडद करा. पुढच्या गटातली शाईची रेघ रंगाखाली बुडाली असेल तर तेवढीच पुन्हा मारा. देवळाला हात लावू नका.

चौकटीसाठी चित्रापासून ५ मिमीवर एक बारीक रेघ, त्यापुढे ४ मिमी कोरे, मग १० मिमी रुंद फिक्या करड्या-हिरव्या वॉशची पट्टी आणि बाहेर पुन्हा रेघ. वॉशच्या पट्टीचे कोपरे सलग ओले ठेवून वळा, थांबलात की सांध्यावर गडद रेघ उमटते. चित्र पूर्ण वाळल्यावरच टेप कापा, आधी समोरासमोरच्या दोन कडा, मग उरलेल्या.

हवामान आणि सरावाची जागा

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात एक वॉश वाळायला तास-दीड तास लागतो. घाईने हेअर ड्रायर जवळ धरला की शाईच्या वॉशला कडा येतात. हातभर अंतरावरून, हलवत वापरा. उगाळलेली शाई दमट हवेत एका दिवसात नासते, रोज नवी उगाळा. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात उलट अडचण: वॉश मधेच वाळतो. सकाळी लवकर काम करा आणि कागद आधी नुसत्या पाण्याने ओलावून घ्या.

सरावासाठी रोमला जायची गरज नाही. १७९० च्या दशकात पेशवे दरबारातला इंग्रज वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने आणि जलरंग केले. त्याच काळात स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सही वेरूळचे काम करत होता. तांबटांची चित्रे आज येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. कोरलेल्या खांबांना विट्रुव्हियसचा हिशेब लावू नका. तिथे एका खांबाची रुंदी प्रत्यक्ष मोजा, तोच आपला भाग धरा, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीने पडताळा. बाकी सगळे टप्पे तेच.

तयार चित्र फ्रेम करताना काच आणि कागद यांत किमान ४ मिमी अंतर राहील असा आम्लरहित माउंट घाला. किरमिजी रंग उजेडात उडतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. संग्रहालये जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कागदाच्या पाठीला बुरशी लागली की ती आधी आकाशात दिसते.